ऑइल बदललं आणि बाइक वेगळाच आवाज करू लागली: दोष कुणाचा, तपासायचं कसं आणि कायदा काय सांगतो?

गणेशोत्सव जवळ आला की मालवण, कुडाळ, कणकवलीच्या दुचाकी गॅरेजांसमोर गर्दी वाढते. कित्येक महिने गावच्या घराच्या पडवीत उभी असलेली बाइक चाकरमानी येण्याआधी सर्व्हिसिंगला जाते. पावसाळा संपून पर्यटनाचा हंगाम सुरू होताना पुन्हा तेच. काम साधं असतं. जुनं ऑइल काढायचं, नवं भरायचं, चेन ताणायची, एअर फिल्टर साफ करायचा. तासाभरात गाडी हातात.

आणि मग काहींच्या वाट्याला एक नको असलेला अनुभव येतो. कालपर्यंत गुपचूप चालणारी गाडी आज ‘टक-टक’ करते. गिअर टाकताना ‘खट्’ असा आवाज येतो. चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे जात नाही. मेकॅनिकला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “नवीन ऑइल आसा, दोन दिवसांनी आवाज जातलो.” कधी तो खरंच जातो. कधी दोन आठवड्यांनी इंजिन खोलायची वेळ येते आणि काही शेकड्यांच्या ऑइलचं बिल काही हजारांवर जातं.

मग वाद सुरू होतो. ऑइल चुकीचं होतं का? कमी भरलं का? की इंजिन आधीच कामाला आलं होतं? अशा वादात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडे फक्त तोंडी दावे असतात. हा आवाज नेमका का येतो, तो कधी साधा आणि कधी धोक्याचा, आणि नुकसान झालंच तर ग्राहकाच्या हातात काय आहे, हे समजून घेऊ.

सिंधुदुर्गात हा प्रश्न जास्त का बोचतो?

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात वस्ती विखुरलेली आहे. वाड्या एकमेकींपासून लांब, रस्ते वळणांचे आणि चढ-उतारांचे. देवबाग, तारकर्ली, आचरा, निवती अशा किनारी गावांत एसटीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ दुचाकीच भरून काढते. मासळी बाजारात नेणं, होमस्टेचं सामान आणणं, मुलांना कॉलेजला सोडणं, ही सगळी कामं तिच्यावरच.

कंपन्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटरं मात्र मोठ्या बाजारपेठांच्या गावांत एकवटलेली असतात. ऑइल बदलण्यासारख्या कामासाठी अर्धा दिवस घालवून तिथे जाण्यापेक्षा नाक्यावरचं गॅरेज सोयीचं पडतं. त्यात गैर काही नाही. अनेक स्थानिक मेकॅनिकांचा हात वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार झालेला असतो. अडचण वेगळीच आहे. इथे बहुतेक व्यवहार विश्वासावर आणि बिलाशिवाय होतो. गाडी नीट चालते तोवर बिलाची गरज भासत नाही. आवाज आला की ती पहिल्यांदा भासते.

ऑइलचं काम नेमकं काय?

कारमध्ये इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वेगवेगळं असतं. आजच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये मात्र एकच ऑइल तीन ठिकाणी काम करतं: इंजिनात, गिअरबॉक्समध्ये आणि क्लचमध्ये. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून त्याला ‘वेट क्लच’ म्हणतात. गिअर नसलेल्या स्कूटरचं तसं नाही. तिचा क्लच कोरडा आणि गिअर ऑइल वेगळं.

म्हणजे मोटारसायकलच्या ऑइलकडून दोन उलट अपेक्षा असतात. पिस्टन, बेअरिंग आणि गिअर यांच्यातलं घर्षण त्याने कमी करायचं, पण क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरू द्यायच्या नाहीत. हा तोल बिघडला की तो आवाजातून किंवा गाडीच्या वागण्यातून कळतो.

डब्यावरचे दोन शिक्के याच तोलाबद्दल असतात. पहिला ‘एसएई’ ग्रेडचा, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. ३० च्या मानाने ४० ग्रेडचं ऑइल तापल्यावर जास्त दाट असतं.

दुसरा शिक्का ‘जासो’चा. जपानमध्ये १९९८ साली खास चार स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी हे मानक आलं. वेट क्लचच्या मोटारसायकलींसाठी एमए, एमए१ किंवा एमए२, आणि क्लच ऑइलमध्ये नसलेल्या स्कूटरसारख्या गाड्यांसाठी एमबी. एमबी ऑइल कमी घर्षणाचं असतं. स्कूटरला ते चालतं. मोटारसायकलमध्ये गेलं तर क्लच घसरण्याची शक्यता वाढते.

मग ऑइल बदलल्यावर आवाज का येतो?

कारणं साधारण पाच गटांत बसतात.

१. पहिल्या काही सेकंदांचा आवाज. ऑइलसोबत फिल्टरही बदलला असेल तर नवा फिल्टर रिकामा असतो. इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे टॅपेट आणि कॅमपर्यंत, ऑइल पोहोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात ‘टिक-टिक’ ऐकू येते आणि थांबते. हे नेहमीचंच आहे. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीतही सुरुवातीला असाच आवाज येतो, कारण ऑइल वरून खाली निथळलेलं असतं. आवाज मिनिटभरानेही तसाच राहिला, तर मात्र तो या गटातला नाही.

२. प्रमाण चुकणं. हे सर्वांत साधं कारण आणि सर्वांत आधी तपासण्याचं. बाजारात ऑइलचे डबे ८०० मिली, ९०० मिली, १ लिटर अशा वेगवेगळ्या मापांत मिळतात. इंजिनाची गरज मात्र मॉडेलप्रमाणे बदलते. गाडीला ८०० मिली लागत असताना १ लिटरचा आख्खा डबा रिकामा केला तर ऑइल २५ टक्के जास्त झालं. १.१ लिटर लागत असताना ९०० मिलीच्या डब्यावर भागवलं तर १८ टक्के कमी पडलं.

मॅन्युअलमध्येही अनेकदा एकापेक्षा जास्त आकडे असतात: नुसतं ऑइल बदलताना किती, फिल्टरसह किती आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर किती. तिसरा आकडा सर्वांत मोठा असतो. साध्या सर्व्हिसिंगला तो वापरला तर ऑइल जास्त होणारच.

कमी ऑइलमुळे वरचे भाग कोरडे पडतात आणि टकटक वाढते. करूळ किंवा आंबोलीसारख्या घाटात गाडी बराच वेळ कलती राहते, तेव्हा हे आणखी जाणवतं. पण जास्त ऑइलही घातक असतं, हे अनेकांना माहीत नसतं. पातळी वर गेली की फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो. त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाळ ऑइल भागांमधलं अंतर नीट राखू शकत नाही. इंजिन जड वाटतं, जास्त तापतं. कधी ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

३. ग्रेड चुकणं. बीएस६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. नव्या पिढीच्या अनेक छोट्या मोटारसायकलींना कंपन्या १०डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल सुचवतात. अनेक जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० लागायचं आणि ‘दाट ऑइल म्हणजे चांगलं ऑइल’ ही समजूत तिथूनच आली. दाट ऑइलने आवाज थोडा दबू शकतो, पण पातळ ऑइलसाठी बनलेल्या अरुंद मार्गांतून ते सकाळच्या पहिल्या स्टार्टला हळू पोहोचतं. उलट, दाट ऑइल लागणाऱ्या गाडीत पातळ ऑइल गेलं तर तापल्यावर गिअर आणि टॅपेटचा आवाज उघडा पडतो.

सर्वांत त्रासाची चूक म्हणजे कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये भरणं. इंधन वाचवण्यासाठी कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती क्लचच्या प्लेटांना चालत नाहीत. मूठ पिळली की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. लोकांना वाटतं पिकअप गेला. खरं तर क्लच घसरत असतो.

४. जोडणीतली चूक. फिल्टर उलटा बसला, त्याची ओ-रिंग बाहेरच राहिली किंवा जुनी ओ-रिंग फाटली, तर ऑइलचा दाब कमी होऊ शकतो. अनेक १०० सीसी गाड्यांत कागदी फिल्टर नसतोच. त्यात जाळी आणि इंजिनाच्या फिरण्याने गाळ बाजूला फेकणारी यंत्रणा असते. जाळी वर्षानुवर्षं साफ झालेली नसेल तर नवं ऑइलही पुरेसं वर पोहोचत नाही. ऑइलच्या नटाखालचा वायसर न बदलणं किंवा नट गरजेपेक्षा जास्त आवळणं ही आणखी एक नेहमीची चूक. अ‍ॅल्युमिनियमचे आटे खराब होतात, ऑइल थेंबाथेंबाने गळतं आणि आठवड्याभरात पातळी खाली जाते.

५. ऑइलशी संबंधच नसलेला आवाज. सर्व्हिसिंगमध्ये ऑइलखेरीज इतरही कामं होतात. चेन जास्त ताणली तर घरघर येते, सैल राहिली तर फटके बसतात. एअर फिल्टरचं झाकण नीट बसलं नाही तर हवा ओढल्याचा मोठा आवाज येतो. साइड कव्हरचा एखादा स्क्रू राहिला तरी खडखड होते. टॅपेट सेट केले असतील तर त्यातलं अंतर थोडं जास्त राहून टिकटिक येऊ शकते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टॅपेट गरजेपेक्षा घट्ट केले की आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्याने तो जळण्याचा धोका असतो. म्हणजे शांत इंजिन हे दर वेळी निरोगी इंजिन असतंच असं नाही.

‘ऑइलमुळे आवाज’ की ‘ऑइलनंतर आवाज’?

सगळा वाद या दोन शब्दांच्या फरकावर उभा आहे. ऑइल बदलल्यानंतर आवाज आला म्हणजे तो ऑइलमुळेच आला, असं नाही.

टायमिंग चेन ताणलेली असेल, बेअरिंग झिजलेलं असेल, तर तो बिघाड महिनोन् महिने हळूहळू वाढत असतो आणि कानाला त्याची सवय होते. सर्व्हिसिंग झाल्यावर मात्र मालक कान देऊन ऐकतो. त्याच वेळी ऑइलचा दाटपणा बदललेला असतो. त्यामुळे जुना आवाज नव्याने कानावर येऊ शकतो. मेकॅनिकचा “इंजिन आधीच गेलेलं होतं” हा दावा दर वेळी पळवाट नसतो.

पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. योग्य ग्रेडचं ताजं ऑइल योग्य प्रमाणात भरलं तर साधारणपणे आवाज कमी व्हायला हवा. तो स्पष्टपणे वाढला असेल, तर काहीतरी बदललं आहे आणि ते शोधायला हवं. “दोन दिवसांनी जाईल” हे उत्तर पातळी तपासल्यानंतर द्यायचं असतं, त्याआधी नाही.

कोणता आवाज आला तर काय करायचं?

- वरून येणारी हलकी, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टिकटिक: टॅपेट, कमी ऑइल किंवा वर न पोहोचणारं ऑइल. आधी पातळी पाहा.
- इंजिनाच्या बाजूने येणारी साखळीसारखी खळखळ: टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. ऑइल बरोबर असूनही राहिली तर मेकॅनिककडे न्या.
- क्लच दाबला की बदलणारा आवाज: क्लचचा भाग. ऑइलचा ‘जासो’ शिक्का तपासा.
- गिअर टाकतानाच येणारा ‘खट्’: क्लचची केबल जास्त सैल असणं किंवा ऑइलची ग्रेड बदलणं.
- फक्त गाडी धावताना येणारा, इंजिन बंद करून उतारावर सोडली तरी न जाणारा आवाज: इंजिनाचा नाही. चेन, ब्रेक किंवा चाकाचं बेअरिंग. ही तपासणी मोकळ्या, सपाटीजवळच्या जागी आणि हळू वेगातच करावी.
- खालून येणारे जड, खोल ठोके: धोक्याची खूण. गाडी लगेच बंद करा.

शेवटच्या प्रकारात, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर, “घरापर्यंत नेतो” म्हणून गाडी चालवू नये. ऑइलचा दाब नसताना काढलेले दोन-तीन किलोमीटर इंजिन जाम करायला पुरतात. टेम्पोचं भाडं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

घरी पाच मिनिटांत काय तपासता येतं?

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पातळी चुकीची दिसते. डबल स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा. इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइलची गेज काढून पुसा, परत घाला, पुन्हा काढा. बऱ्याच गाड्यांत मोजताना गेज नुसती टेकवायची असते, आटे फिरवून घट्ट करायची नसते. आपल्या गाडीसाठी काय, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. काही गाड्यांत गेजऐवजी काचेची खिडकी असते, तिथेही सरळ उभ्या गाडीतच पाहायचं.

मग रंग आणि पोत पाहा. दुधाळ, चहासारखं ऑइल दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. फेस असेल तर प्रमाण जास्त असण्याची शक्यता. गाडीखाली ताजा डाग आहे का, ऑइलच्या नटापाशी ओल आहे का, तेही बघा. शेवटी मोबाइलवर आवाजाचा व्हिडिओ काढा: एकदा थंड स्टार्टचा, एकदा तापल्यावरचा. पुढे मेकॅनिकलाही तो उपयोगी पडतो आणि गरज पडल्यास तक्रारीलाही.

किनाऱ्यावरच्या गाडीचं वेगळेपण काय?

तीन गोष्टी. पहिली, दमट हवा आणि छोट्या फेऱ्या. घर ते बंदर, बंदर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही. आत साचलेली वाफ उडून न जाता ऑइलमध्ये मिसळते. अशी गाडी वर्षाला कमी किलोमीटर चालली तरी ऑइल वेळेवर बदलावं लागतं. म्हणूनच मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही मर्यादा असतात, आणि जी आधी येईल ती धरायची असते.

दुसरी, खारी हवा. चेन, नट-बोल्ट आणि सायलेन्सर इथे लवकर गंजतात. त्यामुळे सर्व्हिसिंगनंतर आलेला आवाज ऑइलचा नसून गंजलेल्या चेनचा किंवा सायलेन्सरच्या सुटलेल्या पत्र्याचा असण्याची शक्यता इथे जास्त धरावी.

तिसरी, उभ्या गाड्या. चाकरमान्यांच्या घरची गाडी महिनोन् महिने बंद असते. तिचं ऑइल ‘वापरलेलं नाही’ म्हणून चांगलं आहे असं समजू नये.

हा आवाज ई२० पेट्रोलमुळे तर नाही ना?

२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशभर आल्यापासून सोशल मीडियावर गाडीच्या प्रत्येक बिघाडाचं खापर त्यावर फुटतं आहे. त्याविरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. अ‍ॅव्हरेज कमी होण्याचा मुद्दा खोटा नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, जुन्या रचनेच्या आणि ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता ई२० मुळे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज होता. जुन्या गाड्यांतल्या रबरी भागांबद्दलची चिंताही वेगळी आणि चर्चेची आहे.

पण आवाजाचा विचार करायचा तर इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा जास्त असतो. म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ‘नॉकिंग’ त्याने वाढण्यापेक्षा कमी होण्याकडे कल असतो. सर्व्हिसिंगच्याच दिवशी सुरू झालेल्या टकटकीसाठी पेट्रोल पंपाकडे बोट दाखवण्याआधी गेज काढून पाहणं जास्त शहाणपणाचं.

बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का?

याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं सोपं नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत ठरलेल्या वेळी अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग करण्याची अट बहुधा असते आणि ती मोडली तर कंपनी दावा नाकारू शकते. पण बाहेर केलेल्या कामामुळे सगळीच वॉरंटी रद्द करणं योग्य आहे का, हा प्रश्न भारतात आधीच तपासला गेला आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला कळीचा मुद्दा. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश कार कंपन्यांविरुद्ध होता, दुचाकी कंपन्या त्यात नव्हत्या, आणि कंपन्यांनी त्याला आव्हानही दिलं. तरीही ग्राहकाच्या बाजूचं तत्त्व त्यात स्पष्ट मांडलं आहे. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यापासून, ठरावीक ब्रँडचाच भाग किंवा सेवा वापरण्याची सक्ती वॉरंटीसाठी सर्वसाधारणपणे करता येत नाही.

भारतात ‘दुरुस्तीचा हक्क’ देणारा स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी यासाठी एक पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात आहेत. आपल्या गाडीला कोणतं ऑइल, किती आणि कधी, ही माहिती सहज मिळणं हा या हक्काचा सर्वांत साधा भाग.

नुकसान झालंच तर कायदा काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. गॅरेजची सेवाही त्यात येते, मग ते अधिकृत केंद्र असो की नाक्यावरचं दुकान. सिंधुदुर्गच्या वाचकाला उपयोगी पडतील अशा चार गोष्टी:

- तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मुंबईत किंवा कोल्हापुरात सर्व्हिसिंग झालं आणि ग्राहक मालवणचा रहिवासी असेल, तरी सिंधुदुर्गच्या आयोगात दाद मागता येते.
- खर्च कमी आहे. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील देणं सक्तीचं नाही. मुदत दोन वर्षांची.
- कमाईची गाडीही चालते. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा कायद्याबाहेर असली, तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारी व्यक्ती ‘ग्राहक’च ठरते. गाडीवरून मासळी विकणारी व्यक्ती या व्याख्येत बसू शकते.
- बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल किंवा पावती न देण्याचा उल्लेख कायद्याच्या व्याख्येतच आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तडजोडीचा प्रयत्न करता येतो. आयोगाकडे जायचं तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा सांगितलं. “ऑइल बदललं आणि इंजिन गेलं” एवढं पुरत नाही. कोणतं ऑइल, किती आणि केव्हा भरलं, आणि त्यानेच नुकसान झालं, हे दाखवावं लागतं.

मग पुरावा जपायचा कसा?

ऑइल बदलताना डबा आपल्यासमोर उघडायला सांगा. सील, ग्रेड, ‘जासो’ शिक्का आणि बॅच क्रमांक यांचा एक फोटो काढा. बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: ऑइलचं नाव आणि ग्रेड, भरलेलं प्रमाण, तारीख आणि किलोमीटर. छापील बिल नसेल तर हाताने लिहिलेली, सही-शिक्क्याची पावतीही नसण्यापेक्षा बरी. ऑनलाइन पैसे देताना ‘ऑइल बदल’ अशी टीप टाकली तर व्यवहाराची तारीखही नोंदली जाते.

आवाज आला आणि वाद होण्याची चिन्हं असतील तर गाडी चालवणं थांबवा. इंजिन खोलण्याआधी पातळी दाखवणारा व्हिडिओ काढा. भरलेलं ऑइल काढायचं झालं तर गॅरेजवाल्याच्या समोर स्वच्छ, कोरड्या बाटलीत काढून ती बंद करून ठेवा. किती निघालं ते मोजा. निघालेल्या ऑइलचं माप हा कमी-जास्तीच्या वादातला सर्वांत सरळ पुरावा असतो. वस्तूच्या दर्जाचा प्रश्न असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. शक्य असेल तर दुसऱ्या मेकॅनिकचं किंवा अधिकृत केंद्राचं मत लेखी घ्या. एकदा इंजिन खोललं की आधीची स्थिती दाखवणं अवघड होतं.

काढलेलं ऑइल मात्र गटारात किंवा वाळूत ओतू नये. वापरलेलं ऑइल नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि त्याच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत. ते साठवून गोळा करणाऱ्याकडेच द्यायला हवं.

मेकॅनिकच्या बाजूनेही फायदा

ही लिखापढी मेकॅनिकवर अविश्वास म्हणून पाहायची गरज नाही. गाडी आली तेव्हाच आवाज होता, हे पावतीवर लिहिलेलं असेल तर नंतरचं खापर त्याच्यावर फुटत नाही. ग्राहकाने स्वतः आणलेलं ऑइल भरलं, ही नोंदही त्यालाच वाचवते. काम सुरू करण्याआधी दोघांनी मिळून अर्धा मिनिट इंजिन ऐकलं आणि काम झाल्यावर गेज दाखवून गाडी दिली, तर अर्धे वाद गॅरेजच्या दारातच मिटतील.

या चतुर्थीला गाडी सर्व्हिसिंगला टाकताना मॅन्युअलमधलं ऑइलचं पान मोबाइलमध्ये ठेवा. ग्रेड आणि मिलिलिटर हे दोनच आकडे मेकॅनिकला दाखवा आणि गाडी ताब्यात घेण्याआधी गेज एकदा स्वतः काढून पाहा.